हातचा एक

केयोनच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला
जो दिवा दिसतो, तो माझ्या खिडकीचा.
खाली सामन मासे पट्ट्यावर यायच्या आत
मी हजेरी उघडते.
एकशे बेचाळीस नावं, आडनावांच्या क्रमानं,
आगिलारपासून सुन्यिगापर्यंत.
दारावर पाटी आहे: मनुष्यबळ.
आत येणारी माणसं ती वाचत नाहीत.
बळ कुणाचं, हे सतरा वर्षांत
मीही कुणाला विचारलं नाही.

आत्मपरीक्षणाचा तक्ता भरायचा होता.
मीच बनवलेला,
पुएर्तो मोंतच्या एका शिबिरातून परतताना, बोटीत, मांडीवर.
प्रश्न तिसरा: अवघड निर्णय घेताना
आपण कितपत प्रामाणिक होता? एक ते पाच.
सगळे चार देतात.
पाच दिले तर शेफारलेला,
तीन दिले तर वरून बोलावणं.
मीही चार लिहिले. शाईनं.

मग काल दुपारी इर्मा चिग्वाय आली.
कामावरून काढून सहा दिवस झालेले,
आली ती बूट परत करायला.
पांढरे रबरी बूट, घासून धुतलेले,
आत वर्तमानपत्र कोंबून वाळवलेले.
एप्रन, घडी घातलेला.
सुरी, पात्याला फडकं गुंडाळून.
सगळं डाव्या हातानं ठेवलं टेबलावर.
उजवा हात पोटाशी होता,
दुसऱ्याचं तान्हं सांभाळायला घ्यावं तसा.

"जमा केल्याची सही कुठे करू?"

तसा रकानाच नव्हता.
मी कोऱ्या कागदावर लिहिलं:
बूट एक जोड. एप्रन एक. सुरी एक.
तिची डाव्या हाताची सही
ओळ सोडून खाली घसरत गेली.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
आता काय करणार?
म्हणाली, बटाटे काढायचेत.
"या मनगटानं?"
माझ्या तोंडून गेलं.

तिनं पाहिलं माझ्याकडे.
मनगटाचं तुम्हाला कसं कळलं,
एवढंही विचारलं नाही.

दवाखान्याची निळी चिठ्ठी.
एका मंगळवारी हातात आली, मी खणात ठेवली.
खोटं काही बोलले नाही.
अकरा दिवस तो खण उघडला नाही, एवढंच.
बाराव्या दिवशी पत्र गेलं,
'कंपनीच्या गरजेपोटी'.
कार्कामोसाहेबांनीही तसं काही सांगितलं नव्हतं.
नावावर बोट ठेवून म्हणाले होते,
हल्ली ही जरा हळू झालीय.
सांगावं लागत नाही,
म्हणून तर मी टिकले इथे.

जिचं हातावर पोट,
तिच्या हाताचा कागद मी हातचा राखला.
शाळेत बेरीज शिकवताना बाई म्हणायच्या,
हातचा विसरलात तर उत्तर येतंच,
सुबकही येतं,
फक्त चुकीचं येतं.
माझ्या फायली फार सुबक आहेत.
तपासनीस येतात, कॉफी पितात,
जाताना अक्षराचं कौतुक करतात.

रात्री ते चार खोडले.
पुढे काय लिहावं सुचेना.
तक्ता एकपासून सुरू होतो,
शून्य मी ठेवलंच नव्हतं.
मग चिठ्ठी काढली,
तिच्यावर मिळाल्याची तारीख घातली, खरी,
खाली माझं नाव, एलियाना ओयार्सो, पूर्ण.
पाकिटावर कामगार निरीक्षकांचा पत्ता.
पोस्ट नऊला उघडतं.
नऊपर्यंत मी तीच आहे
जी सतरा वर्षं होते.

आठ वाजता नवी मुलगी आली,
एकोणीस वर्षांची, नखांवर अर्धवट निघालेला रंग.
इर्माचेच बूट तिला बरोबर बसले.
काम जड आहे का हो, म्हणाली.
मी नियमांची पुस्तिका दिली. सही घेतली.
ती दारापर्यंत गेली, तेव्हा हाक मारली.

हे बघ,
हात दुखला तर चिठ्ठी आण.
पण आणायच्या आधी तिची प्रत काढ,
आणि ती घरी ठेव.
कुणापासून जपायची?
माझ्यापासून, म्हटलं.
ती हसली. तिला वाटलं, थट्टा आहे.